सावित्रीच्या खोऱ्यांतील सेवकपण व पुढारीपण

ज्युबिलीचा उत्सव म्हटला म्हणजे मंडळी जमते, वाद्यें वाजतात, महागुरुस्वामींच्या हस्तें मिस्साबळी अर्पण होतो, आणि स्मरणिकेंत पूर्वींच्या धर्मगुरूंचीं छायाचित्रें ओळीनें छापलीं जातात. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या शब्दावरून हा उत्सव चालत आला, त्याचा मूळ अर्थ पाहूं गेल्यास तो हिशेबाचा आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, वर्षांचीं सात सप्तकें भरल्यावर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांस मोकळें करावें, आणि हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी. मेंढ्याच्या शिंगाच्या हिब्रू नांवावरूनच ज्युबिली हा शब्द निघाला. ख्रिस्तसभेंत पोप आठवे बोनिफास ह्यांनीं १३०० सालीं पहिलें ज्युबिली वर्ष पाळिलें, आणि २०२५ चें वर्षहि जगभर त्याच नांवानें पाळलें गेलें. तेव्हां ज्युबिलींत मिळविलेल्याचा आनंद जितका करावयाचा, तितकीच देणें राहिलेल्याची आठवणहि ठेवावयाची असते.

प्रस्तुत लेखाचा विषय ख्रिस्ती सेवकाचें पुढारीपण आणि समाजाचें आत्मिक नूतनीकरण हा आहे. ह्यावर प्रवचनें पुष्कळ झालीं आहेत व पुढेंहि होतील. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा मानस नाहीं. तत्त्व खरें कीं खोटें हें पाहावयाचें तर तें एखाद्या विशिष्ट भूमीवर, विशिष्ट माणसांच्या वर्तनांत तपासावें लागतें. त्यासाठीं रोमास किंवा असिसीस जावयास नको. मुंबई महाधर्मप्रांताच्या दक्षिण कडेस, महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांत, सावित्री नदीच्या कांठीं ह्या तत्त्वाची जी परीक्षा झाली, तशी महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच झाली असेल. ती परीक्षा देणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हते, ही गोष्ट आरंभींच सांगून टाकितों.

सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपुराच्या बाजूनें खालीं उतरते, महाडापाशीं गांधारीस पोटांत घेते, आणि दासगांवावरून बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. ह्या खोऱ्याचा लौकिक शौर्याचा व भक्तीचा. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. खुद्द पोलादपुरास शिवभारतकर्त्या कवींद्र परमानंदांची समाधि आहे. महाड तालुक्यांत रायगड आहे व समर्थ रामदासांची शिवथरघळहि आहे. महाडच्या वेशीवर गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं असून इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत भिक्षूंसाठीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं तेथें अद्यापि दिसतात. पाण्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहों. ह्या खोऱ्यांत पाऊस एवढा पडतो कीं पाण्याचा दुष्काळ म्हणून तंटा होण्याचें कारण नव्हतें. जो तंटा झाला तो पाणी कोणाच्या हातचें, एवढ्यावरूनच झाला.

प्रथम तत्त्व पाहूं. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत, शेवटच्या भोजनाच्या वेळीं प्रभूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याचें वर्णन आहे. धुळीच्या वाटांवरून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणें हें दासाचें काम. यहुदी परंपरेंत तर स्वजातीय दासाकडूनहि तें करवून घेऊं नये, असें सांगितलें आहे. संत पेत्र संकोचला तो ह्यामुळेंच. परंतु महाराष्ट्रीय वाचकास ह्या प्रसंगाचा अर्थ युरोपीय वाचकाहून अधिक तीव्रतेनें कळावा, असें आम्हांस वाटतें. पाय धुण्याचा विधि आपल्या देशांत होताच. मात्र पाय श्रेष्ठाचे, धुणारा कनिष्ठ, आणि धुतलेलें पाणी तीर्थ म्हणून प्राशन करावयाचें. जोतीराव फुल्यांनीं ज्या चालींवर प्रहार केले, त्यांत ही एक होती. अशा समाजांत गुरूनेंच शिष्यांच्या पायांशीं बसावें, हें नम्रतेच्याहि पलीकडचें आहे. पाणी ज्या दिशेनें वाहत आलें, ती दिशाच येथें उलटली आहे.

पोप थोर ग्रेगरी (५९०–६०४) ह्यांनीं स्वतःस देवाच्या दासांचा दास म्हणवून घेतलें, आणि ती पदवी पुढें पोपांच्या नांवास कायमची जडली. पदवी घेणें सोपें, तिला जागणें कठीण. मध्ययुगांतील कित्येक पोपांचीं चरित्रें पाहिल्यास हें कोणासहि दिसेल. २८ मार्च २०१३ रोजीं, पवित्र गुरुवारीं, नुकतेच निवडून आलेले पोप फ्रान्सिस रोमच्या बालगुन्हेगारांच्या कारागृहांत गेले व तेथील बारा तरुण कैद्यांचे पाय त्यांनीं धुतले. त्यांत दोन मुली होत्या, आणि त्या दोघींपैकीं एक मुसलमान होती. तोंवर उपासनेच्या नियमांत केवळ पुरुषांचा उल्लेख होता. २०१६ च्या जानेवारींत तो नियमहि बदलला. इकडे अमेरिकेंत रॉबर्ट ग्रीनलीफ नांवाच्या, टेलिफोन कंपनीच्या नोकरींत आयुष्य घालविलेल्या एका गृहस्थानें १९७० सालीं पुढारी हा आधीं सेवक असला पाहिजे, अशा अर्थाचा निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून व्यापारशिक्षणाच्या वर्गांतहि सेवक-पुढाऱ्याची चर्चा होऊं लागली. आनंद आहे. मात्र ज्या सेवेनें पेढीची भरभराट होते, तीच सेवा तेथें बहुधा शिकविली जाते. जिच्यामुळें स्वजन तुटतात व डोक्यावर काठ्या पडतात, तिचा धडा त्या पुस्तकांत क्वचितच सांपडेल. तो महाडास सांपडतो.

परंतु महाडाकडे वळण्यापूर्वीं नदीच्या मुखाशीं थोडें थांबलें पाहिजे. बाणकोटचा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांच्या हातीं आला व त्यांनीं त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीचीं माणसें मुंबईस उतरलीं, तेव्हां त्यांनीं लागलींच पुण्यास ठाणें घालावें हें सरकारास धोक्याचें वाटलें. म्हणून १८२३ पासून दक्षिण कोंकणांत, बाणकोट व हर्णै येथें, त्यांनीं आपलें काम मांडलें. त्यांतला पहिला डोनल्ड मिचेल हा पूर्वीं कंपनीच्या फौजेंत होता. तलवार ठेवून तो धर्मसेवक झाला, आणि ह्या देशांत परत आल्यावर फार दिवस जगला नाहीं. मागाहून आलेल्यांत जेम्स मिचेल व जॉन स्टीव्हन्सन हे होते. त्यांनीं मराठी शाळा चालविल्या. स्टीव्हन्सनानें मराठी व संस्कृत ह्या दोन्ही भाषांचा चांगला अभ्यास केला. त्याचें मराठी व्याकरण १८३३ त छापून निघालें. १८२९ सालीं आलेले जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट ह्यांनींहि मराठीचे पहिले धडे ह्याच किनाऱ्यावर घेतले.

हे लोक आपल्या पंथाचे नव्हेत. आपल्याविषयीं त्यांचें मत चांगलें नव्हतें, आणि खरें बोलावयाचें तर त्यांच्याविषयीं आपल्या पूर्वजांचेंहि नव्हतें. शिवाय परधर्मावर त्यांनीं ज्या कठोर भाषेंत टीका केली, ती आज कोणी समंजस ख्रिस्ती मनुष्य करणार नाहीं. तथापि एक गोष्ट त्यांच्या पदरीं घातलीच पाहिजे: ज्यांची सेवा करावयाची, त्यांच्या भाषेपुढें ते आधीं विद्यार्थी होऊन बसले. आपल्या घरचें उदाहरण त्याहून दोनशें वर्षें जुनें आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटानें सासष्टींत राहून मराठींत क्रिस्तपुराण रचिलें, व तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. सेवकाची पहिली पायरी ती हीच. धन्याच्या भाषेंत हुकूम सुटतात. सेवा करणाऱ्यास दुसऱ्याची बोली कानांत सांठवावी लागते.

१८३० नंतर कोंकणांतील हीं ठाणीं मागें पडून मिशनच्या कामाचा भर मुंबई व पुणें येथें गेला. पुण्यांतील त्यांच्या शाळेंत पुढील दशकांत जोतीराव फुले शिकले. फुले ख्रिस्ती झाले नाहींत, आणि व्हावे असा आग्रह धरणाऱ्यांचें त्यांच्यापुढें कांहीं चाललें नाहीं. परंतु १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली, त्यापूर्वीं अहमदनगरास जाऊन अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा ते पाहून आले होते. चांगल्या कामाचें बी कोणाच्या शेतांतून कोणाच्या शेतांत उडून पडेल, ह्याचा नेम नसतो. बाणकोटाहून पुण्यास गेलेलें हें बी पन्नासेक वर्षांनीं सावित्रीच्या खोऱ्यांत परत आलें, तें अगदीं निराळ्या माणसाच्या हातून.

हा मनुष्य म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळ गांवीं, महार जातींत त्यांचा जन्म झाला. फौजेंत नोकरी करून १८८६ सालीं ते निवृत्त झाले व दापोलीस राहूं लागले. फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झालेला होता. पेन्शन घेऊन स्वस्थ बसले असते तर त्यांस कोणी नांव ठेविलें नसतें. गांवोगांवच्या महारवाड्यांत पेन्शनर सुभेदार-जमादारांस मान असे. त्यांनीं तें केलें नाहीं. अनार्य दोष-परिहारक मंडळी नांवाची संस्था काढली, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले, आणि १८८८ सालीं विटाळाच्या कल्पनेचें खंडन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. १८९५ सालीं सरकारानें त्यांस महाड तालुका लोकल बोर्डावर नेमिलें, तेव्हां शेजारीं बसावें लागणार ह्या विचारानें उच्चवर्णीयांत मोठी खळबळ उडाली. फौजेंतील महारांची भरती बंद झाली असतां तिच्याविरुद्ध अर्ज तयार करण्याचें कामहि त्यांनींच केलें. १९०० सालीं ते वारले. त्यांचें नांव आज महाडाबाहेर फारसें कोणी घेत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. पुढें जें घडलें त्याची नांगरट त्यांनीं केली होती.

त्याच तालुक्यांतल्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे हे पुढच्या पिढींतले. शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊनहि ह्या मुलास महाडच्या इंग्रजी शाळेंत प्रवेश नाकारण्यांत आला. त्यानें वर्तमानपत्रांत तक्रार छापविली, तेव्हां दार उघडलें. तरी वर्गांत इतरांपासून दूर बसावें लागलें तें लागलेंच. हेच मोरे पुढें १९२७ च्या परिषदेच्या मुख्य आयोजकांपैकीं एक झाले.

आतां १९२७ सालाकडे येऊं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला, कीं सरकारी खर्चानें बांधलेलीं अगर चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादि स्थळें अस्पृश्यांस मोकळीं असावींत. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला. तळ्यावर मुसलमानास मनाई नव्हती, गुराढोरांस नव्हती. अस्पृश्य मानलेल्या हिंदूस मात्र होती. ही स्थिति मोडण्यासाठीं १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (कुलाबा जिल्ह्याचें रायगड असें नामांतर १९८१ सालीं झालें.) अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर, वय पस्तीस, विलायतेंतून बॅरिस्टर होऊन आलेले. खेडोपाड्यांतून हजारों माणसें पायीं आलीं. परिषदेस लागणारें पाणी सवर्णांकडून चाळीस रुपये देऊन विकत घ्यावें लागलें, ही एकच बाब सारी परिस्थिति सांगते.

दुसऱ्या दिवशीं सभा संपतां संपतां अनंतराव चित्रे ह्यांनीं, सर्वांनीं आतांच तळ्यावर जावें, अशी सूचना मांडिली. चित्रे हे जन्मानें कायस्थ प्रभु; तसेच सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांचा नगरपालिकेच्या कारभारांत हात होता. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे तर ब्राह्मण. ह्या मंडळींस तळ्याचें पाणी जन्मतःच मिळत होतें. त्यांस तेथून कांहींच मिळवावयाचें नव्हतें, गमवावयाचें मात्र पुष्कळ होतें. मिरवणूक बाजारपेठेंतून शांतपणें गेली. डॉ. आंबेडकर तळ्यांत उतरले, त्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें व ते प्याले. मागून इतर प्याले.

थोड्याच वेळांत, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी आवई गांवांत उठली. काठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. जेवावयास बसलेल्या व परत निघालेल्या माणसांस मारहाण झाली. अन्नाची माती झाली. कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. परिषदेस आलेल्यांत फौजेंत लढून आलेले पुष्कळ होते. त्यांच्या मनांत आलें असतें तर त्या रात्रीं महाडांत काय झालें असतें, ह्याची कल्पनाच करावी. ते डाकबंगल्याभोंवतीं जमले व हुकमाची वाट पाहूं लागले. आंबेडकरांनीं त्यांस हात उचलूं दिला नाहीं. आपल्या माणसांचीं डोकीं फुटलेलीं पाहून, हातांत बळ असतांना, त्यांस थोपवून धरणें, आणि तरीहि त्यांचा विश्वास न गमावणें, ह्याहून कठीण पुढारीपण आम्हांस ठाऊक नाहीं. हुकूम देणाऱ्याच्या अंगीं तें सहसा नसतें. ज्याच्याविषयीं लोकांची खात्री असते कीं हा आपल्यासाठींच खपतो आहे, त्यासच तें साधतें.

तळ्याचें पुढें काय झालें? शेण, गोमूत्र, दूध व दहीं मिसळलेल्या पाण्याच्या घागरी मंत्र म्हणून त्यांत ओतण्यांत आल्या, आणि तळें शुद्ध झालें असें जाहीर करण्यांत आलें. ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

येथें संत योहानाच्या चौथ्या अध्यायाची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. दुपारच्या वेळीं थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला असतां शोमरोनी स्त्री पाणी भरावयास येते. यहुदी व शोमरोनी ह्यांच्यांत भांड्याचा व्यवहार नव्हता. आपल्या उपदेशकांचा भर बहुधा त्या स्त्रीच्या गतायुष्यावर असतो. परंतु आरंभ कसा झाला हें पाहावें. प्रभूनें तिला प्रथम उपदेश केला नाहीं, दानहि दिलें नाहीं. त्यानें तिच्याजवळ पाणी मागितलें. तिला आश्चर्य वाटलें तें ह्याचेंच. जिच्या हातचें पाणी आपल्या लोकांस चालत नाहीं, तिच्याकडे मागणारा होऊन जाणें, ह्यांत सेवेचा असा एक प्रकार आहे कीं जो दानशूरांस जन्मभर समजत नाहीं. अन्न वाटणें, वस्त्र वाटणें, औषध देणें हीं पुण्यकृत्यें खरीं. पण तीं करतांना देणारा वर राहूं शकतो. हातचें पाणी पिणारा वर राहूं शकत नाहीं.

डिसेंबरांत सत्याग्रहासाठीं पुन्हा परिषद भरविण्याचें ठरलें. बहिष्कार असा कडक कीं, महाडांत मंडपास जागा मिळेना. शेवटीं फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. आंबेडकर व त्यांचे सोबती मुंबईहून बोटीनें निघाले, आणि बाणकोटच्या खाडींतून, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं ज्या मुखाशीं मिशनऱ्यांनीं शाळा मांडल्या होत्या त्याच पाण्यावरून, २५ डिसेंबरास दासगांवीं उतरले. तो नाताळचा दिवस. हा निव्वळ योगायोग होय. सुटीचे दिवस सोयीचे, एवढेंच त्याचें कारण असावें, आणि आपण त्यांतून भलता अर्थ काढूं नये. तरी धर्मशाळेंत जागा न मिळालेल्या कुटुंबाची कथा ज्या दिवशीं जगभर वाचली जाते, त्या दिवशीं महाडास हजारों माणसांस उभें राहावयास एकानेंच जागा दिली, हें ख्रिस्ती वाचकाच्या लक्षांत राहील. त्या रात्रीं सहस्रबुद्ध्यांच्या ठरावावरून मनुस्मृतीचें दहन झालें. अध्यक्षीय भाषणांत आंबेडकरांनीं ह्या परिषदेची तुलना फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रसभेशीं केली. सत्याग्रह मात्र त्यांनीं तहकूब ठेविला. तळें खाजगी आहे, असा दावा लावून प्रतिपक्षानें दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आणिला होता. सत्याग्रहासाठीं आलेल्या हजारोंस तसेंच परत जा असें सांगणें सोपें नव्हतें. लोकांनीं तळ्याभोंवतीं मिरवणूक काढिली व ते पाण्यास न शिवतां घरीं गेले. दावा दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें अंतिम निकाल दिला.

असो. हा सर्व इतिहास आपल्या स्मरणिकेंत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आंबेडकरांनींच देऊन ठेविलें आहे. धर्मांतर केलेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयीं त्यांनीं जे निबंध लिहिले, ते त्यांच्या मागें महाराष्ट्र सरकारानें प्रसिद्ध केले. त्यांत ते मिशनांच्या शाळा व दवाखाने नाकारीत नाहींत. ते एवढेंच विचारतात कीं, ख्रिस्ती झाल्यावर त्या मनुष्याची जात गेली काय? आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध उभें राहण्यास ख्रिस्ती मंडळीनें त्यास काय शिकविलें? प्रश्न परक्याचा असला तरी टाळतां येण्यासारखा नाहीं. रोबेर्तो दे नोबिली ह्या विद्वान जेझुइटाच्या नव्या ख्रिस्त्यांस जानवें, शेंडी इत्यादि चिन्हें ठेवण्याची मुभा पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं १६२३ सालीं दिली. हेतु स्थानिक रीतींचा आदर राखण्याचा होता, तो निंद्य नव्हता. पण दक्षिणेंत पुढें एकाच देवळांत निरनिराळ्या जातींच्या निरनिराळ्या जागा आणि एकाच गांवांत निरनिराळीं स्मशानें झालीं, हेंहि खरें. आपल्या गोव्यांत व वसईंतहि सोयरीक जमवितांना मूळची जात किती वेळां आठवते, हें वाचकांस आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक असेल.

हिंदी महागुरुस्वामींच्या परिषदेनें १९८२ सालीं तिरुचिरापळ्ळी येथें, जातिभेदास ख्रिस्ती धर्मांत थारा नाहीं, असें निःसंदिग्धपणें सांगितलें. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं २००३ सालीं तमिळनाडूच्या महागुरुस्वामींस तेंच बजाविलें. डिसेंबर २०१६ मध्यें दलितांच्या उन्नतीविषयीं परिषदेनें स्वतंत्र धोरणच प्रसिद्ध केलें. २०२२ च्या ऑगस्टांत हैदराबादचे महागुरुस्वामी अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजांतून त्या पदास पोहोंचलेले ते पहिले. १९२३ चा बोले ठराव ते १९२७ चा मोर्चा हीं चार वर्षें. १६२३ ची मुभा ते १९८२ चा ठराव हीं साडेतीनशें. आणि महाडच्या नगरपालिकेचा अनुभव असा कीं, ठराव झाला म्हणजे पाणी मिळालें असें होत नाहीं. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती वगळले गेले. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला, आपला झाला नाहीं. हा अन्याय आहे असें आम्हीहि म्हणतों. परंतु सरकारपुढें आपण सांगणार कीं आमच्यांतहि दलित आहेत व त्यांस जातीचा जाच होतो. आणि घरीं म्हणणार कीं आमच्यांत जात नाहीं. हीं दोन्ही वाक्यें एकाच तोंडांत फार दिवस राहूं शकत नाहींत.

ह्या खोऱ्यावर अलीकडच्या काळांत संकटेंहि थोडीं आलीं नाहींत. २००५ च्या जुलैंत दासगांव, जुई, कोंडिवते व रोहन येथें दरडी कोसळून घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरांत वाहून गेला व त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पाण्याखालीं असतांनाच तळिये गांवावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर सुतारवाडी येथेंहि दरडींनीं बळी घेतले. अशा वेळीं गाळ उपसणारे हात पुष्कळ येतात, आणि त्यांत सर्व धर्मांचे असतात. त्यांस वंदन असो. आमचें लक्ष त्यानंतरच्या महिन्यांकडे आहे. वर्तमानपत्रांतील छायाचित्रें थांबतात, पंचनाम्याचे कागद अडतात, विधवेस तलाठ्याच्या कचेरींत पांच खेपा घालाव्या लागतात. तेव्हां तिच्याबरोबर सहाव्या खेपेस जाणारा कोण, ह्यावरून सेवकाची ओळख पटते. ते काम दिसत नाहीं, त्याचा अहवाल लिहितां येत नाहीं, आणि ज्युबिलीच्या मंडपांत त्याबद्दल शालहि मिळत नाहीं.

जातां जातां पंचांगाची एक गोष्ट नमूद करितों, कारण ती आमच्या पाहण्यांत कोठें आलेली नाहीं. २० मार्च १९२७ हा दिवस रविवार होता, आणि त्या वर्षीं ईस्टर १७ एप्रिलास असल्यामुळें तो उपवासकाळाचा तिसरा रविवार होता. तेथून नाताळपर्यंत बरोबर चाळीस आठवडे होतात. जुन्या मिस्सा ग्रंथाप्रमाणें त्या रविवारीं संत लूकाच्या शुभवर्तमानांतील आपसांत फुटलेल्या राज्याविषयींचा भाग वाचला जाई, आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा प्रसंग त्याच आठवड्याच्या शुक्रवारासाठीं नेमलेला असे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर नवा वाचनक्रम आला, त्यांत दर तीन वर्षांनीं येणाऱ्या अ वर्षीं तो प्रसंग तिसऱ्या रविवारींच वाचतात. ईस्टर कितीहि मागेंपुढें झाला तरी २० मार्च ही तारीख उपवासकाळांत अगर पवित्र सप्ताहांतच पडते.

त्या तारखेस दरवर्षीं चवदार तळ्यावर हजारों माणसें लांबून येतात, आणि महाडास मार्चांत ऊन कडक असतें. आपल्या धर्मग्रामानें त्या दिवशीं वाटेवर एक पाणपोई घालावी, व पाणी देण्याचें काम सेवकांवर न सोंपवितां कार्यकारिणीच्या सभासदांनीं स्वतः उभें राहून करावें, अशी आमची सूचना आहे. दुपारीं तहान लागल्यावर त्यांनीं तेथें आलेल्यांपैकीं कोणाच्या तरी लोट्यांतलें पाणी मागून प्यावें. खर्च फार येणार नाहीं.